फितुराचं घर

सिद्धराम दारात उभा राहिला तेव्हा विजयमालेनं त्याला लगेच ओळखलं, पण ‘ये’ म्हणायला तिची जीभ उचलेना. सोलापुरात होटगी रस्त्याला दोन खोल्यांचं घर बांधून तिला कितीतरी वर्षं झाली होती. त्या सगळ्या काळात धुळाप्पाच्या घरातलं माणूस तिच्या उंबऱ्याशी आलं नव्हतं, आणि तिच्या घरातलं कुणी त्यांच्याकडं गेलं नव्हतं. लग्नकार्यात दोन्हीकडची माणसं समोरासमोर आली तरी नजर चुकवून पुढं जात.

“आक्का, आजी हाय का घरात?” सिद्धरामनं विचारलं. त्याच्या हातात पत्रिकांचा गठ्ठा होता.

आजी म्हणजे बाळाबाई. विजयमालेचे आजोबा बिरप्पा आणि सिद्धरामचे आजोबा धुळाप्पा हे सख्खे भाऊ, आणि बाळाबाई त्यांची सगळ्यांत धाकटी बहीण. दोघं भाऊ जाऊन जमाना लोटला होता. बाळाबाई मात्र नव्वदी ओलांडून अजून स्वतःच्या हातानं भाकरी कुस्करून खात होती. तिचं सासर अक्कलकोटच्या पलीकडं. मूलबाळ झालं नाही, नवरा गेला, आणि मग विजयमालेनं तिला आपल्याकडं आणलं. मराठी बोलता बोलता ती मधेच कानडीत शिरायची आणि शिरली हे तिच्या ध्यानातही यायचं नाही.

सिद्धराम बाळाबाईच्या पायाशी बसला. “आजी, धुळाप्पाआज्याच्या नावानं गावात कमान बांधलीया. नऊ ऑगस्टला उद्घाटन हाय. फीत तू कापायची.”

बाळाबाईनं त्याच्या तोंडाकडं नीट पाहिलं. “नाक धुळूअण्णाचंच हाय की तुझं,” ती म्हणाली. मग विजयमालेकडं मान वळवून म्हणाली, “विजी येत असंल तर येते मी. एकटी न्हाय यायची.”

सिद्धरामनं एक पत्रिका आजीच्या मांडीवर ठेवली. उठताना विजयमालेकडं न बघता म्हणाला, “या की आक्का तुमीबी.” आणि गेला.

विजयमालेनं पत्रिका उघडली. आत कमानीशेजारी लावायच्या फलकाचा मजकूर छापला होता. त्यातली एक ओळ तिनं वाचली, पुन्हा वाचली, आणि पत्रिका घडी करून तांदळाच्या डब्यावर ठेवली. ओळ अशी होती: ‘सख्ख्या भावाच्या फितुरीमुळे धुळाप्पा इंग्रजांच्या हाती सापडले.’

त्या दिवसापासून तिला एका जागी बसवेना. भाजी चिरायला घ्यायची आणि अर्ध्यात उठून अंगण झाडायला लागायची. अंगण झाडता झाडता दाराशी येऊन उभी राहायची आणि कशाला आलो हेच आठवायचं नाही.

गावात सगळ्यांना तोंडपाठ असलेली गोष्ट अशी होती. बेचाळीस साली धुळाप्पा आणि त्याच्या चार साथीदारांनी होटगीच्या पुढं वळणावर रुळांचे जोड सुटे केले. सरकारचं लष्करी सामान घेऊन येणारी मालगाडी पाडायची होती. पण बिरप्पा रेल्वेत चावीवाला होता. रोज सकाळी आपल्या हद्दीतला रूळ पायी चालत तपासायचा, ढिल्या चाव्या ठोकायच्या, हे त्याचं काम. त्यानं लाल झेंडी दाखवून गाडी थांबवली, साहेबाकडून मुकादमकी पटकावली आणि सख्ख्या भावाला धरून दिलं. धुळाप्पा साथीदारांसह येरवड्याच्या तुरुंगात गेला. स्वातंत्र्य आल्यावर त्याच्या गळ्यात हार पडले, पुढं ताम्रपट मिळाला, पेन्शन मिळाली. बिरप्पाच्या वाट्याला एक शब्द आला, फितूर, आणि तो त्याच्या घराला चिकटला. गावात पत्ता सांगतानासुद्धा लोक म्हणायचे, फितुराच्या घराच्या डाव्या अंगाला.

विजयमाला त्या घरात वाढली. शाळेत पंधरा ऑगस्टच्या फेरीत तिला झेंडा धरायचा होता. बाईंनी तिच्या हातात झेंडा दिला, तेवढ्यात मागून एक पोरगी ओरडली, “बाई, ती फितुराची नात हाय!” बाईंनी काही न बोलता झेंडा दुसरीला दिला. विजयमाला रडत घरी आली. तिचा बाप हरिबा, तोही रेल्वेतच, रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगवर होता, जेवत बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “हात धू, जेवायला बस.” बास, एवढंच.

पुढं तिचं एक ठरलेलं लग्न याच शब्दावरून मोडलं. दुसरं स्थळ करमाळ्याकडचं आलं. त्या लोकांना यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि कुणी सांगितलंही नाही. संसार चांगला झाला, पण तिच्या मनात सारखी धाकधूक, हे नवऱ्याला कळलं तर? एका लग्नात कुणीतरी त्याच्या कानावर घातलंच. घरी येताना एसटीत तो तिला म्हणाला, “अगं, तुझा आजा इंग्रजांचा माणूस होता म्हणं?” आणि खो खो हसला. त्याच्या दृष्टीनं ती गंमत होती. तिला मात्र त्याच्या हसण्याचा पार करमाळा येईपर्यंत राग येत राहिला. तो लवकर गेला. त्याच सुमारास हरिबाही भर उन्हात रुळावर काम करताना कोसळला, आणि बापाच्या जागी तिला रेल्वेत नोकरी लागली. आधी गँगवर, मग फाटकावर. मुलगा शिकून पुण्याला गेला.

फाटकावर असली की तिला बरं वाटे. फोन वाजला की फाटक पाडायचं, झेंडी घेऊन उभं राहायचं, गाडी शेवटच्या डब्यापर्यंत नीट बघायची, मग फाटक उघडायचं. तेवढ्यात दुसऱ्या विचाराला डोक्यात शिरायला जागा नसे. आता मात्र तिथंही ती ओळ येऊन उभी राहायला लागली.

शेवटी एका सुट्टीच्या सकाळी बाळाबाईच्या डोक्याला तेल लावता लावता तिनं विचारलंच. “आजी, माझ्या आज्यानं खरंच भावाला धरून दिलं?”

“कोण म्हंतंय?”

“सगळं गाव म्हंतंय. आता पाटीवरबी लिहिणार हायत.”

 जशी काही कालचीच गोष्ट असावी तशी बाळाबाई सांगायला लागली.

“मी तवा बिरूअण्णाकडं ऱ्हायची. गँगच्या चाळीत. तुझा बाप पाळण्यात हुता, त्येला सांबाळायला मला ठिवलं हुतं. तांबडं फुटत हुतं, वहिनी चूल पेटवत हुती, आन् धुळूअण्णा पळत आला. गुडघे फुटलेले, छाती भात्यावानी हालत हुती. चौकट धरून म्हनला, ‘अण्णा, माल आलीच न्हाय. आता पॅसेंजर येतीया.’”

विजयमालेचा हात थांबला. “कोण पळत आला?”

“धुळूअण्णा. दुसरा कोण? बाजाराचा दिस हुता गं. त्या गाडीत ताकालोण्याची गाडगी घिऊन सोलापूरला जाणाऱ्या बाया असायच्या. आमची आईबी जायची कवा कवा. बिरूअण्णानं एवढंच इचारलं, ‘कुटं?’ त्येनं सांगितलं, ‘वळणावर, वढ्याच्या अलीकडं.’ अण्णानं झेंडी वडली आन् अनवाणीच पळाला. गाडी थांबली. कुणाला खरचटलंबी न्हाय.”

“मग त्याला धरून कुणी दिलं?”

“त्येला वढ्याकडनं पळताना पाटलाच्या मानसानं बगितलं हुतं. सायबानं बिरूअण्णाला लई इचारलं, कोण हुतं, कुणी सांगितलं. अण्णा म्हनला, कोण न्हाय, मी फिरतीवर गेलो तवा मला दिसलं. धुळूअण्णा अक्कलकोटाकडं गेला. तवा तितं राजाचं राज, सोलापूरचे पोलीस सरळ आत शिरत नसत. आमच्याच पावण्यांच्या मेंढरांत घोंगडं पांघरून ऱ्हायला. मग आईला बघायला म्हनून आला आन् सापडला. त्येच्या संगतीच्या चौघांनाबी धरलं.”

 “एवढं सगळं ठावं असून कुणी बोललं कसं न्हाय आजी?”

“सुटून आल्यावर धुळूअण्णा चाळीत आला की. म्हनला, अण्णा, लोक तुला फितूर म्हंत्यात, मी सांगतो चावडीवर खरं काय ते. बिरूअण्णानं त्येला गप केलं. म्हनला, ‘तुझ्यासंगं ती चार पोरं तुरुंगात गेली. तूच कट मोडलास कळलं तर जिता सोडत्याल का तुला? मी तसाबी सरकारचा पगार खातो. मला म्हनू दे काय म्हनायचं ते.’ मंग धुळूअण्णा गप बसला. आदी मन मारून बसला असंल, मंग सवय झाली असंल.”

बाळाबाई पुढं म्हणाली, “तुझा आजा लई देवमानूस हुता असं न्हाय बरं. त्येला सोराज्याचं काय पडलं न्हवतं. सायबानं पाठ थोपटली की छाती फुगायची त्येची. पांढऱ्या टोप्या घालून पोरं निघाली की म्हनायचा, ह्यांस्नी कामधंदा न्हाय. आन् धुळूअण्णा त्येला तोंडावर गुलाम म्हनायचा. जेवताना ताटावरनं उठून जायचे दोघं. पर त्या दिशी गाडीतली मानसं मरू द्यायची न्हाईत, एवढं दोघांनाबी कळलं.”

“माझ्या बाला ठावं हुतं हे?”

“मीच सांगितलं हुतं हरिबाला, तू जलमायच्या आदी. त्यो म्हनला, माझ्या बापानं शबुद दिलाय, मी कशाला मोडू?”

विजयमाला उठून मागच्या दारी गेली. नळ सोडून तेलाचे हात धूत राहिली. आजोबा निर्दोष निघाले म्हणून तिला आनंद व्हायला हवा होता. तो झालाच नाही. तिला राग आला होता, आणि तोही धुळाप्पाच्या आधी स्वतःच्या बापाचा. हात धू, जेवायला बस. त्याला सगळं माहीत होतं. पोरीच्या हातातून झेंडा काढून घेतला तेव्हा त्याला खरं काय ते माहीत होतं, आणि त्यानं तिला नुसतं जेवायला बसवलं. दोघा भावांनी काय ठरवायचं ते ठरवलं, आणि त्याचं ओझं जिनं वाहिलं तिला कुणी विचारलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी ड्यूटी उरकून ती तशीच गावाकडं गेली. कमानीला रंग देणं चाललं होतं. सिद्धराम खाली उभा राहून रंगाऱ्याला सूचना देत होता. ग्रामपंचायतीत तो निवडून आला होता, आणि या कमानीमागं माजी सरपंच बापूसाहेबांचा जोर होता. बापूसाहेबांचे वडील धुळाप्पाच्या त्या चार साथीदारांतलेच एक.

विजयमालेनं त्याला बाजूला घेऊन ऐकलं ते सगळं सांगितलं. सिद्धरामचा चेहरा आधी कोरा पडला, मग लाल झाला.

“आक्का, आजीचं वय काय? ह्या वयात मानूस सपनात बघितलेलं खरं म्हनून सांगतं.”

“तिला परवा केलेली भाजी आठवत न्हाय. पर हे आठवतंय.”

“म्हंजे आता माझ्या आज्याला फितूर करायला निघालीस तू?”

“मी कुणाला काय करत न्हाय सिद्धा. तुझ्या आज्यानं शेपन्नास मानसं वाचवली असतील, मी तर त्याला चांगलंच म्हंते. ते पाटीवर लिही असंबी म्हनत न्हाय. ती एक ओळ तेवढी काढ.”

“ती ओळ बापूसाहेबांनी घातलीया. काढली तर का काढली म्हनून इचारतील. काय सांगू? आमचा आजा पळत जाऊन सांगून आला म्हनून सांगू?”

विजयमाला म्हणाली, “माझ्या घरानं ऐंशी वर्सं ऐकलं की.”

“तुमाला सवय झालीया,” सिद्धराम म्हणाला. बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच वाईट वाटलं असावं, कारण तो मान खाली घालून पायानं खडी ढकलत राहिला. पण शब्द काही त्यानं मागं घेतले नाहीत.

नऊ ऑगस्टला विजयमालेनं सुट्टी टाकली. बाळाबाईला नवं लुगडं नेसवलं आणि रिक्षा केली. निघाल्या निघाल्या ती म्हणाली, “आजी, तितं काय बोलू नगंस. फीत काप आन् बस.” होटगी जवळ आली तशी म्हणाली, “तुला वाटलं तर बोल. मी काय तुझं तोंड धरणार न्हाय.” कमान दिसायला लागल्यावर पुन्हा म्हणाली, “पर नगंच बोलू.” बाळाबाई रस्त्याकडेची ज्वारी बघत होती. तिनं यातलं काय ऐकलं कुणास ठाऊक.

मांडव भरला होता. बायका एका बाजूला, गडी एका बाजूला, पुढं शाळेची पोरं. त्यांत सिद्धरामची मुलगी रुद्राणी भाषणाचा कागद हातात धरून ओठ हलवत पाठ करत होती. बाळाबाईनं फीत कापली, टाळ्या झाल्या, तिला व्यासपीठावर बापूसाहेबांशेजारी बसवलं. विजयमाला खाली खांबाला टेकून उभी राहिली. फलकावर ती ओळ होतीच, मोठ्या अक्षरांत.

बापूसाहेब बोलायला उभे राहिले. चांगले बोलत होते. वडिलांनी तुरुंगात काय सोसलं ते सांगताना त्यांचा आवाज कापला, तेव्हा विजयमालेच्याही अंगावर काटा आला. पण पुढं ते म्हणाले, “शत्रू गोरा होता, तो ओळखू येत होता. पण घरातच साप निघाला, त्याला काय करायचं?” आणि त्यांनी फलकाकडं हात केला.

मग ध्वनिक्षेपक बाळाबाईपुढं आला. “आजी, दोन शब्द,” कुणीतरी म्हणालं.

बाळाबाईनं पदर सावरला. “माझं दोनी भाऊ चांगलं हुतं,” ती म्हणाली. “साप कोण न्हवतं. त्या दिशी...” आणि तिथं ती अडली.  म्हातारी शब्द शोधत होती आणि सापडले ते कानडी. “धुळाप्पण्णा ओडी बंदा,” ती म्हणाली, आणि मग थांबलीच नाही. गाडी, झेंडी, वळण, अनवाणी पाय, सगळं कानडीत.

अर्ध्या मांडवाला कळलं, अर्ध्याला कळलं नाही. ज्यांना कळलं ते एकदम गप्प झाले, आणि ज्यांना कळलं नाही ते त्यांना विचारायला लागले. मागं बसलेला एक म्हातारा मेंढपाळ मोठ्यानं म्हणाला, “म्हातारी म्हंती, धुळाप्पाच भावाकडं पळत आला आन् गाडी थांबव म्हनला!”

सिद्धराम व्यासपीठावर चढला आणि ध्वनिक्षेपकाकडं हात नेला. विजयमाला कधी वर गेली ते तिलाही कळलं नाही. तिनं त्याचं मनगट धरलं होतं.

“बोलू दे तिला.”

“आक्का, सोड.”

“बोलू दे म्हंते ना. एवढी वर्सं बोलली न्हाय ती.”

बापूसाहेब खुर्चीतून उठले. त्यांना कानडी उत्तम येत होतं. “म्हणजे माझ्या बापानं तुरुंगात जी वर्षं काढली, ती धुळाप्पाच्या पायी?” असं म्हणून ते पायऱ्या उतरले आणि मांडवाबाहेर गेले. त्यांच्यामागं त्यांची माणसं गेली. रुद्राणीचं भाषण झालंच नाही. जेवणाच्या पंगतीला तर निम्मी पानं रिकामी राहिली, आणि विजयमाला न जेवताच आजीला घेऊन निघाली. परतीच्या वाटेवर बाळाबाईनं विचारलं, “जेवान न्हवतं का ठिवलं?” विजयमालेला हसू आलं आणि लगेच रडूही आलं.

तिला वाटलं होतं, खरं बाहेर आलं की छातीवरचं ओझं उतरेल. चार दिवस ती ते उतरण्याची वाट बघत राहिली. पाचव्या दिवशी तिच्याच गावचा शिवू, जो आता रेल्वेत गँगवर होता, फाटकावर पाणी प्यायला थांबला. त्यानं सांगितलं, “आक्का, तुमचं नाव सुटलं की. आता समदे सिद्धरामच्या घराला म्हंत्यात.”

“काय म्हंत्यात?”

“फितुराचं घर. फलकाला कुणीतरी शेण फासलं. आन् त्येची पोरगी शाळंत जाईना झालीया. पोरं चिडवत्यात म्हनं.”

फोन वाजला. विजयमालेनं फाटक पाडलं, झेंडी घेऊन उभी राहिली, गाडी गेली. किती डबे गेले, शेवटच्या डब्याला गाडी पूर्ण असल्याच्या खुणेची पाटी होती की नाही, यातलं काहीही तिला आठवेना. रेल्वेत लागल्यापासून असं कधी झालं नव्हतं. 

ड्यूटी संपताच ती सिद्धरामच्या घरी गेली. दार उघडंच होतं. आत शिरताना पाय अडखळला, पण ती शिरली. सिद्धराम लोखंडी पलंगावर बसला होता. तिला बघून उठला नाही.

“झालं समाधान?” तो म्हणाला.

“न्हाय झालं.”

“मग आता काय ऱ्हायलंय?”

“पोरगी कुटं हाय?”

सिद्धरामच्या बायकोनं आतल्या खोलीकडं बोट केलं. रुद्राणी भिंतीकडं तोंड करून झोपली होती, पण झोप लागलेली नव्हती. विजयमाला तिच्याजवळ बसली. समजूत काय घालायची ते तिला सुचेना. म्हणून तिनं झेंड्याची गोष्ट सांगितली. बाईंनी झेंडा कसा काढून घेतला, ती किती रडली, आणि बाप काय म्हणाला. रुद्राणी हळूहळू तोंड फिरवून ऐकायला लागली.

“मग आत्या, तुमी दुसऱ्या दिवशी शाळेत गेला?”

“गेले. पर शेवटच्या बाकावर बसले. ते चुकलंच माझं. पुडं बसायला पायजे हुतं.”

“माझ्या पणजोबांनी वाईट केलं का?”

“गाडी पाडायला गेले ते बरूबर का चूक, त्यावर मोठी मानसं अजून भांडत्यात. पर त्यात गरीब बाया हायत कळल्यावर ते पळत सुटले. भावाच्या शिव्या खायच्या, सोबत्यांत बदनाम व्हायचं, सगळं ठावं असून पळाले. तू असतीस तर पळाली असतीस का?”

रुद्राणीनं विचार केला. “पळाले असते,” ती म्हणाली. “पण नंतर खरं सांगितलं असतं.”

दाराशी उभा राहून सिद्धराम हे ऐकत होता. तो आत आला नाही. पण थोड्या वेळानं त्याची बायको दोन ताटं घेऊन आली आणि त्यातलं एक तिनं विजयमालेपुढं ठेवलं. दुसरं रुद्राणीला दिलं, आणि दोघी तिथंच बसून जेवल्या.

पंधरा ऑगस्टला विजयमाला सकाळीच रेल्वेच्या गणवेशात गावात आली. रुद्राणीचा हात धरून शाळेपर्यंत चालत गेली. सिद्धराम चार पावलं मागून येत होता. वाटेत दोन बायका दारात येऊन बघत राहिल्या. मैदानावर बापूसाहेब खुर्चीवर बसले होते. विजयमाला सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“बापूसाहेब, तुमच्या वडलांनी सोसलं त्याला कोण न्हाय म्हनत न्हाय. पर ह्या पोरीला कोण काय बोललं तर मी शाळंत येऊन बसंन. रोज येऊन बसंन.”

बापूसाहेबांनी तिच्याकडं पाहिलं, मग पोरीकडं. “पोरांना मी सांगतो,” ते म्हणाले. बाकी त्यांचा राग गेला नाही. झेंडावंदन होताच ते कुणाशी न बोलता निघून गेले. पुढच्या महिन्यात त्यांनी वडिलांच्या नावाची वेगळी कमान गावाच्या दुसऱ्या टोकाला बांधायला घेतली. ती अजून अर्धीच उभी आहे.

सिद्धराम पुढची निवडणूक हरला. त्याचं कारण हेच की दुसरं काही, यावर गावात दोन तट आहेत. फलकावरची ती ओळ त्यानं स्वतः शिडीवर चढून खरवडली. तिथं आता पांढरी पट्टी आहे, बाकीच्या मजकुरापेक्षा जास्त उजळ. तिच्यामुळंच लोक थांबून विचारतात, हितं काय लिहिलं हुतं?

त्या जागी काय लिहावं यावर सिद्धराम आणि विजयमाला यांचं अजून जमलेलं नाही. तो रविवारी तिच्याकडं येतो, चहा घेतो, आणि दोघं भांडतात. विजयमालेचं म्हणणं, दोघा भावांची नावं आणि घडलं ते सगळं लिहावं. सिद्धराम म्हणतो, मग बिरप्पाला साहेबानं मुकादमकी दिली आणि त्यानं ती घेतली, हेही लिहावं लागेल. ती म्हणते, लिही. तो म्हणतो, आन् माझ्या आज्यानं पेन्शन घेतली तेबी? ती म्हणते, तेबी लिही. मग तो गप्प होतो, कारण त्याला एवढं सगळं लिहायला जमत नाही, आणि थोडंच लिहिलं तर तिला पटत नाही.

बाळाबाई हे सगळं कॉटवर पडून ऐकत असते. परवा तिनं मान वर करून दोघांनाही कानडीत काहीतरी सुनावलं. सिद्धराम खाली बघून हसला. विजयमालेला कानडी तेवढं येत नाही. तिनं विचारलं, “काय म्हनली?”

“म्हंती, तुमच्या आज्यांसारखंच ताटावरनं उठू नका, चहा गार व्हतोय,” सिद्धराम म्हणाला, आणि त्यानं कप उचलला.